‘मोजून जुळवलेली’ जर्मेनियम जोडी: चिठ्ठीवर 82 आणि 118 दिसलं तर पैसे देऊ नका

आधी हिशोब. गिटारचा आवाज फाटका, भरड करणाऱ्या फझ पेडलचं, जुळवलेल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचं किट मागवलं. त्याच बोर्डाच्या साध्या सिलिकॉन किटच्या बरोबर साडेचारपट किंमत, आणि किटं घेतली दोन, कारण दोनवर टपालखर्च माफ. म्हणजे नऊ साध्या किटांचे पैसे मोजले. बदल्यात चार जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळायला हवे होते, त्यातलं एकही जर्मेनियम नव्हतं. परत मिळालेली रक्कम शून्य.

फझचं सर्किट किती लहान असतं ते हे बांधणाऱ्यांना सांगायला नको. 1966च्या फझ फेस पेडलपासून चालत आलेला तो नकाशा: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर (33के म्हणजे 33 किलोओहम, 8.2के, 470 ओहम, 100के), तीन कपॅसिटर (आत येताना 2.2 मायक्रोफॅरड, फझ पॉटवर 22, बाहेर जाताना 0.01) आणि दोन पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टर), 1के आणि 500के. एकूण अकरा भाग. त्यातले नऊ कुठेही मिळतात. साडेचारपट पैसे कोणी देतं ते फक्त उरलेल्या दोघांसाठी, आणि विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पाकिटात 2एन404 असा जर्मेनियमचा नंबर छापलेले धातूच्या टोपीचे दोन ट्रान्झिस्टर, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: ‘क्यू1: एचएफई 82, गळती 101 मायक्रोअँपिअर. क्यू2: एचएफई 118, गळती 137.’ क्यू1, क्यू2 म्हणजे पहिला आणि दुसरा ट्रान्झिस्टर. एचएफई म्हणजे गेन, करंट किती पट वाढवतो ते. गळती म्हणजे तीन पायांपैकी (बेस, एमिटर, कलेक्टर) बेस मोकळा असतानाही वाहणारा करंट. आकडे ऐकायला इतके बरोबर की शंकाच येऊ नये. पहिला ऐंशीच्या आसपास, दुसरा एकशेवीसच्या, गळती दोनशेच्या आत. या सर्किटला जसं हवं तसंच. फसवणारा मूर्ख नसतो, त्याने आपण वाचतो तेच सगळं वाचलेलं असतं.

आता ती जागा, जिथे डोळे उघडायला हवे होते. दुसरं किट उघडलं, त्यातही चिठ्ठी. 82, 101, 118, 137. तेच आकडे.

जर्मेनियमचे चार नग, दोन जोड्या, आणि गेन तर गेन, गळतीसुद्धा एककापर्यंत सारखी! एकाच खोक्यातले लागोपाठचे दोन नग 60 आणि 140 निघतात, म्हणून तर जोडी जुळवायचे पैसे घेतात. आणि मी काय समजलो? ‘वा, किती काटेकोर निवड!’ चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर तिथेच कळलं असतं. 82मधल्या 8चं वरचं वेटोळं दोन्हीकडे एकाच ठिकाणी उघडं राहिलेलं, आणि ओलं बोट फिरवलं तरी निळी शाई फिसकटत नाही. हस्ताक्षर कसलं, छपाई होती ती. हे दिसलं सतराव्या दिवशी. तोवर पहिला बोर्ड सोल्डर करून डब्यात बसलेला.

मल्टिमीटर हाताशी असताना मोजलं का नाही, असं विचारणाऱ्यांना उत्तर आहे. मोजलं होतं, चुकीचं मोजलं. सूचनापत्रात लिहिलेलं की क्यू2च्या कलेक्टरवर उणे 4.5 व्होल्ट येईपर्यंत ट्रिमपॉट (बोर्डावरचा छोटा पॉट) फिरवा, आले की जोडी योग्य. फिरवला, आले. खरी चलाखी या ट्रिमपॉटमध्येच आहे. मूळ सर्किटात त्या जागी ठाम 8.2के असतो. जर्मेनियमचा बेस-एमिटर ड्रॉप (त्या दोन पायांमधला व्होल्टेज) थोडका, त्यामुळे क्यू2च्या एमिटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं, 1केच्या पॉटमधून अर्धा मिलिअँपिअर वाहतो आणि कलेक्टर आपोआप साडेचारजवळ बसतो. तिथे सिलिकॉन घाला: ड्रॉप 0.6च्या वर, एमिटरवर सुमारे 0.73 व्होल्ट, करंट 0.73 मिलिअँपिअर, आणि 8.2के अधिक 470 ओहमवर सहा व्होल्टपेक्षा जास्त पडून कलेक्टरला उरतात जेमतेम पावणेतीन. खोटं तिथल्या तिथे पकडलं जातं. पण 10केचा ट्रिमपॉट दिला की तो 5.7केवर आणून सिलिकॉनसुद्धा साडेचारवर बसवता येतो. एरवी ट्रिमपॉट ही सोय आहे, चांगल्या किटांतही असतो. इथे तो पुरावा लपवायला घातला होता. तेव्हा साडेचार व्होल्ट बसले की ट्रिमपॉट काढून मीटरवर मोजा. सात-साडेआठकेच्या आसपास साडेचार येत असतील तर ठीक, सहाच्या खाली जावं लागलं तर ट्रान्झिस्टर बाहेर काढा.

बाहेर काढा म्हणतोय, पण काढणार कसे? त्याच पत्रात ठळक अक्षरांत: ‘सॉकेट वापरू नका, आवाज बिघडतो. थेट सोल्डर करा.’ जर्मेनियमला सोल्डरिंग आयर्नची धग सोसत नाही म्हणून तर सगळे सॉकेट (ट्रान्झिस्टर नुसता खोचायची खाच) लावतात! खरा जर्मेनियम विकणारा पायात सॉकेट घालून पाठवेल, पाय लांब ठेवायला सांगेल, चिमट्याने उष्णता ओढायला सांगेल. सॉकेटला ‘नको’ म्हणणाऱ्याला एवढंच हवं असतं की तुम्ही एकदा सोल्डर लावावं आणि माल ‘वापरलेला’ ठरावा.

खरी तपासणी तीस सेकंदांची आहे. मल्टिमीटर डायोडवर ठेवा. पीएनपी असल्याने काळी पिन बेसला, लाल एमिटरला. जर्मेनियम 0.2-0.3च्या घरात दाखवतो, सिलिकॉन 0.6 ते 0.7. माझ्याकडच्या चारही नगांवर 0.66 ते 0.68. पुढे काही पाहायची गरजच नव्हती.

तरी पाहिलं. 9 व्होल्टची बॅटरी, धन टोक एमिटरला. कलेक्टर आणि ऋण टोक यांच्यामध्ये 2.2के आणि 270 ओहम एकापाठोपाठ, मिळून 2.47के, बेस मोकळा. त्या 2.47केवरचा व्होल्टेज वाचा, ती गळती: 0.25 व्होल्ट म्हणजे 101 मायक्रोअँपिअर. मग बेसकडून ऋण टोकाला 2.2 मेगाओहम लावा, बेसमध्ये साधारण 4 मायक्रोअँपिअर जातात. आता 1.07 आले तर त्यातून 0.25 वजा करा, शंभराने गुणा, 82. खऱ्या नगाचं गणित असं बसतं. माझ्या नगांवर बेस मोकळा असताना 0.000, बेस जोडल्यावर 1.73. गळती नाहीच, गेन 173. स्वस्त मीटरवरच्या एचएफईच्या भोकावर विसंबू नका, ते गळतीही गेनमध्येच मिळवून दाखवतं.

आणखी एक, याला गणितही लागत नाही. बेस मोकळा ठेवून ट्रान्झिस्टरची टोपी दोन बोटांत धरा. जर्मेनियम असेल तर आकडा बोटांच्या उबेने डोळ्यांदेखत चढतो, 0.25 वरून 0.35कडे, आणि सोडलं की हळूहळू उतरतो. दहा अंश वाढले की गळती साधारण दुप्पट, असा त्याचा स्वभाव. माझा नग मिनिटभर धरून बसलो, 0.000 हललं नाही. शेवटी कापसावर अॅसिटोन घेऊन टोपी पुसली. 2एन404 काळ्या डागासारखं कापसावर आलं, खाली घासकामाचे एकाच दिशेचे ओरखडे, आणि एका नगावर अर्धवट राहिलेलं ‘2905’. सिलिकॉन पीएनपी, तशाच आकाराच्या टोपीत. पाकीट फोडल्याबरोबर हा कापूस फिरवा, सोल्डरच्या आधी. जुना अस्सल छाप पुसट असतो. टोपी जुनी आणि अक्षरं कोरी करकरीत दिसली की समजा.

बाकीचं किटही धड नव्हतंच. व्हॉल्यूमचा 500के पॉट लॉग (सुरुवातीला हळू वाढणारा) म्हणून दिलेला, मध्यावर मोजला तर 248के, म्हणजे सरळ लिनिअर. लॉग असता तर पन्नास-पंचाहत्तरकेच्या आसपास दाखवला असता. 33के म्हणून आलेला ‘जुन्या काळचा’ कार्बन रेझिस्टर 38.6के. फूटस्विचचे पाय आयर्न टेकवताच आतल्या प्लॅस्टिकसकट कलले. आणि असा पॉझिटिव्ह ग्राउंडचा (बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असलेला) पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर लावला तर सप्लाय शॉर्ट होतो, याबद्दल सूचनापत्रात अवाक्षर नाही. हे मात्र फसवणुकीपलीकडचं आहे, बॅटरीवर चालवा किंवा त्याला वेगळा अॅडॉप्टर द्या.

आता तक्रारीची कथा. विक्रेत्याचं पहिलं उत्तर: ‘जुने भाग आहेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो.’ वाक्य खरं आहे, म्हणूनच चीड येते. मग विक्रीच्या संकेतस्थळाचा तक्रार कक्ष. त्यांच्या अर्जात पाच पर्याय: वस्तू आली नाही, तुटलेली आली, रंग वेगळा, भाग कमी, विचार बदलला. ‘खोटी आहे’ हा पर्यायच नाही. ‘रंग वेगळा’वर खूण करून खाली सगळं लिहिलं, 0.68 दाखवणाऱ्या मीटरचा फोटो जोडला. उत्तर: ‘फोटोत दुसऱ्या यंत्रावरील आकडा दिसतो, उत्पादनातील दोष दिसत नाही. कृपया दोष स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवा.’ पुसलेल्या टोपीचा फोटो पाठवला. उत्तर: ‘छपाई ग्राहकाने पुसल्याचे दिसते.’ पेडल चालू होतो का, असं विचारलं. होतो, म्हटलं. मग दोष नाही, म्हणाले. सोल्डर न केलेलं दुसरं किट तरी घ्या म्हटलं, तर परतीची मुदत 10 दिवसांची आणि तेव्हा विसावा दिवस. वर एक नवा अधिकारी उगवला, त्याला ट्रान्झिस्टर अस्सल नसल्याबद्दल ‘मूळ उत्पादकाचे प्रमाणपत्र’ हवं होतं. मूळ उत्पादकाने हे भाग बनवणं कधीचंच बंद केलंय, म्हणून तर साडेचारपट भाव आहे, बाबा! हे लिहिलं, त्यावर ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’.

बँकेचं म्हणणं, वस्तू पोहोचली ना, मग व्यवहार यशस्वी. पोलिसांकडे सिलिकॉन आणि जर्मेनियममधला फरक समजावताना निम्मं ऐकून कागदावर लिहिलं गेलं: ‘गिटार नादुरुस्त.’ दुरुस्त करून घ्या म्हणाले, नवी गिटार असेल. एकूण नऊ मेल, एकतीस दिवस. शेवटी विक्रेत्याने 15 टक्के परत देऊ केले, अट एकच: ‘मालाबद्दल समाधानी आहे’ असं लेखी द्यायचं. दिलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर पावतीही आपणच फाडायची?

ज्यांनी आधीच असली जोडी डब्यात बसवली आहे त्यांनी पेडल फेकू नये. ट्रिमपॉट काढून तिथे 5.6के लावा, क्यू1च्या बेस-कलेक्टरमध्ये 100 पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर टाका म्हणजे रेडिओची कुजबुज आणि टोचणारा चढा आवाज बसतो. चांगला सिलिकॉन फझ होतो तो. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की जर्मेनियम जसा स्वच्छ होतो तसा मात्र होणार नाही, ते ट्रिमपॉटवर शोधत बसू नका. आणि ट्रान्झिस्टर काढताना सोल्डर आधी शोषून घ्या. मी घाईत एक पॅड उखडला, त्या जागी आता बोर्डाखालून वायर फिरवलेली आहे.