पाडकामाआधीची मोजणी: साधा लेझर मीटर, आठ महिने वापरल्यावर

पल्ला ५० मीटर, अचूकता दोन मिलिमीटर इकडेतिकडे, किंमत तीन-साडेतीन हजारांच्या घरात. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो लाल किरणाने अंतर मोजणारा साधा लेझर मीटर. आठ महिने तो एकाच कामाला जुंपला होता: रिकाम्या झालेल्या आणि पाडायच्या यादीत गेलेल्या कामाच्या जागा मोजणे. गिरणीची शेड, छापखाना, दगडी भिंतींची कचेरी. फ्लॅटचा कार्पेट एरिया काढायला हा मीटर कसा आहे हे सांगणारे पुष्कळ आहेत. पडायला आलेल्या इमारतीत तो कुठे कामाला येतो आणि कुठे फसवतो, तेवढंच इथे.

आधी निकाल: घ्यावा. पण सोबत ओळंबा, पंधरा मीटर पाण्याची नळी, तीस मीटरचा फायबर टेप आणि गुण्या (काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार) नसेल तर एकटा घेऊ नये. अशा इमारतीत लेझर निम्म्याहून जास्त काम उरकतो, उरलेल्यासाठी गवंड्याची पिशवीच लागते.

मोजायचं कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो. निरोपाच्या दिवशी फाटकापाशी ग्रूप फोटो निघतो, कोणी नारळ फोडतं, जुनी माणसं उंबऱ्याला हात लावून जातात. हे सगळं व्हावंच. पण दोन वर्षांनी त्याच फोटोतली माणसं शेडमध्ये खांब चौदा होते की सोळा यावर भांडत बसतात. मंजूर नकाशा असला तर बरं, तोही बहुतेकदा प्रत्यक्षाशी जुळत नाही. मधे पोटमाळा चढलेला असतो, खिडकी बुजलेली असते, मुताऱ्या हललेल्या असतात. गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या धडाधड थंडावल्या आणि २००६ मध्ये जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर पाडकामाने वेग घेतला. तोक्योतला नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२ चा, २०२२ मध्ये उतरवला तेव्हा आधी लेझर स्कॅनिंग आणि हजारो छायाचित्रं घेऊन त्याची नोंद झाली, १४० कॅप्सूलांपैकी २३ जपल्या गेल्या. तेवढी यंत्रणा आपल्या तालुक्याच्या गावात कोण आणणार? दोन माणसं, तीन दिवस आणि हा मीटर, एवढं मात्र जमू शकतं.

दिवस नेमके कोणते, हे आधी ठरवा. जागा रिकामी झाल्यापासून ठेकेदाराच्या ताब्यात जाईपर्यंतची मुदत फार थोडी असते आणि त्याआधीच सागवानी दारं-खिडक्या उतरायला लागतात, कारण पैसा तिथे आहे. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी चौकटी, तावदानं, बिजागऱ्या, कड्या. भिंती कुठे पळून जात नाहीत.

सुरुवातीची सगळ्यात महागडी चूक एका बटणाची आहे. मीटर चालू केला की तो स्वतःच्या मागच्या कडेपासून मोजतो. बटण चुकून दाबलं जाऊन मोजणी पुढच्या कडेवर सरकली की प्रत्येक आकडा मीटरच्या लांबीएवढा, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर, खोटा येतो. कागदावर ते कळत नाही, घरी नकाशा जोडायला बसल्यावर कळतं. उपाय सोपा आहे: दर तासाला दाराची एकच रुंदी टेपने आणि मीटरने मोजून पडताळायची. कोनाड्यात किंवा चौकटीच्या खाचेत मीटरची पाठ नीट टेकत नाही, तिथे टेपच लावा.

दुसरी चूक कानांची. एक जण मोजतो, दुसरा लिहितो, बाहेर ट्रक चाललेला असतो, आणि त्रेसष्टचे त्र्याहत्तर होतात, एकोणसाठचे एकोणसत्तर. मराठी आकडे गोंगाटात मोजणीला अगदी वाईट. एकेक अंक सुटा म्हणावा, "सहा-तीन-पाच-आठ", आणि लिहिणाऱ्याने तसाच उलट म्हणून दाखवावा. थोडं शाळेसारखं वाटतं, पण दुसरी खेप वाचते.

मापं मिलिमीटरमध्येच घ्या, विचार मात्र फुटांत करा. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, त्याआधीची इमारत फूट-इंचात बांधलेली असणार. खांबांमधला खण ३६५५, ३६६१, ३६५२ असा येत असेल तर मूळ आकडा ३६५८, म्हणजे बारा फूट. एखादा खण मधेच ३५४० आला तर तो आकडा चुकलाय असं लगेच धरू नका. पुष्कळदा तिथे जोडकाम असतं: शेड पुढे वाढवली, जुनी भिंत काढून खांब उभा केला, असं काहीतरी.

खणांची मापं एकाला एक जोडून बेरीज करू नये. दर खणाला पाच मिलिमीटर हात हलला तरी चौदा खणांत सात सेंटिमीटर जमतात. एका टोकाच्या भिंतीला टेप अडकवून सगळे खांब त्याच शून्यापासून वाचायचे. लेझरने हे करायचं तर मीटर तिपाईवर स्थिर ठेवून दुसऱ्याने प्रत्येक खांबाशी पांढरा पुठ्ठा धरावा.

खोली असेल तर चार बाजू आणि दोन्ही कर्ण. वीस फूट बाय तीस फूट खोलीचा कर्ण १०,९९० मिलिमीटर यायला हवा. एक १०,९४० आणि दुसरा ११,०४० आला म्हणजे खोली गुण्यात नाही, आणि नकाशात ती तशीच तिरकी काढायची. सॉफ्टवेअर आपोआप काटकोन करून टाकतं, त्या सोयीपासून जपून राहा.

उंचीसाठी जमिनीवर भरवसा ठेवू नका. जुनी फरशी खचलेली असते, लाकडी मजल्याला मधे पोट आलेलं असतं. पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर साधारण एक मीटरवर पातळीची रेघ आखून घ्या आणि तिथून वर किती, खाली किती असं मोजा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून बादलीतून सावकाश भरा, पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं की दिसायला सोपं. तिरक्या मापावरून उंची काढून देण्याची सोय मीटरमध्ये असते, पण हातात धरून केली तर तिच्या नादी लागू नये. पायाचं माप काटकोनात नसलं की सगळं गणितच कोसळतं.

गिरणीच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली या मीटरची खरी परीक्षा होते. छपराची काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. दुसऱ्या उतारावर कौलं किंवा सिमेंटचे पत्रे. काचेवर किरण मारला की तो कधी आरपार जातो, कधी काचेवरच्या धुळीवरून परततो, आणि पडद्यावर येणारा आकडा नेमका कशाचा हे सांगता येत नाही. बांबूच्या टोकाला पुठ्ठा बांधून तो आढ्याला आणि पन्हळीच्या बुडाला टेकवायचा, मग खालून मारायचं. तेलाने काळ्या झालेल्या लाकडावरही असंच, कागद धरल्याशिवाय आकडा ठरत नाही.

इथेच एक गोष्ट पाहण्यासारखी असते. दोन दात्यांमधल्या पन्हळीतलं पावसाचं पाणी काही शेडमध्ये थेट पोकळ बिडाच्या खांबांतून खाली उतरवलेलं असतं. खांब म्हणजे आधारही आणि पाइपही. बुडाशी गंजाचा लालसर ओघळ आणि जोत्यालगत पाण्याला वाट दिसली की समजावं. असे खांब आतून किती खाल्ले गेलेत ते बाहेरून कळत नाही, त्यांना शिडी टेकवू नये.

गोल खांबावर लेझर बिनकामाचा. घेर टेपने घ्या आणि ३.१४ ने भागा: ५६५ चा घेर म्हणजे १८० मिलिमीटर व्यास. मग खांबाच्या माथ्याकडे पाहा. तिथे एका बाजूला सपाट तोंड आणि त्यात चार बोल्टची भोकं असतील तर तिथे दांड्याचं ब्रॅकेट होतं. इंजिनाच्या जोरावर छताखाली एकच लांब दांडा फिरायचा आणि पट्ट्यांनी खालची यंत्रं चालायची. पुढे यंत्रागणिक मोटर आली, दांडा भंगारात गेला, भोकं राहिली. कोणत्या रांगेतल्या खांबांना ही तोंडं आहेत आणि कोणत्या बाजूला, एवढं टिपलं की यंत्रांच्या रांगा कशा लागल्या होत्या ते रिकाम्या शेडमध्येही मांडता येतं. भोकांमधलं अंतर, भोकाचा व्यास, जमिनीपासून उंची, तिन्ही लिहा. खांबावर ओतशाळेचं नाव उठावाचं असेल तर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने घासून ठसा घ्या. रंग खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असतं.

जिन्याला वेगळा अर्धा दिवस द्यावा. पायरीची झीज कुठल्याच नकाशात नसते. पायरीवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि दर दहा सेंटिमीटरला पट्टीखालची फट मोजायची. शहाबादीवर असा हिशेब निघतो: ०, ४, ९, ११, १३, ६, ०. सगळ्यात खोल जागा मधोमध नसून कठड्याकडे सरकलेली, कारण कठडा धरून चढणारे जास्त. वळणाच्या टप्प्यावर झीज आतल्या कोपऱ्यात, सुट्टीच्या घाईत सगळे जवळची वाट कापतात तिथे. काळ्या दगडाच्या पायऱ्या फार कमी झिजतात. सागवानी पायरीचं नाक, म्हणजे पुढची कड, आधी जातं, नंतर तिथे लोखंडी पट्टी ठोकलेली सापडते. हे काम लेझरने होत नाही, पट्टी आणि फटीत सरकवायच्या पत्र्याच्या चकत्या लागतात.

उन्हाबद्दल: दुपारी अंगणात ५० मीटर हे डब्यावरचं स्वप्न आहे. पंधराच्या पुढे ठिपका दिसतही नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बाहेरचं काम उरका. हिरव्या किरणाचा मीटर डोळ्याला सोपा पण बॅटरी खातो. पावसाळ्यात सेलच्या कड्यांवर हिरवट गंज चढला, त्याने मीटर मधेच बंद पडायला लागला. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर सुरळीत. काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. कापसाची धूळ लेन्सवर बसली की नुसता चुकीचा संकेत येतो, कानकोरणीच्या कापसाने हलकेच पुसा.

लायडार, म्हणजे लेझरने खोली टिपणारा सेन्सर, असलेल्या फोनचं स्कॅनिंगही सोबत करून पाहिलं. पल्ला जेमतेम पाच मीटर, लांब शेडमध्ये पुढे जाताजाता सगळं थोडं थोडं वाकत जातं. जिना, पोटमाळा, खिळ्यांना लटकलेलं सामान यांच्या चित्रासाठी उत्तम, मापासाठी नाही. साध्या फोटोत भिंत समोरून घ्या, शेजारचे दोन फोटो निम्म्याहून जास्त एकमेकांवर यावेत, आणि दर दहा सेंटिमीटरला रंगवलेली काठी चौकटीत असावी.

आत जायचं की नाही, हे आधी इंजिनिअरला विचारा. मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिटनंतर सी-१ ठरलेली इमारत म्हणजे रिकामी करून पाडायची. तिथे आत शिरू नका, बाहेरून मिळेल तेवढं घ्या. बाकीच्या ठिकाणी लेखी परवानगी, बूट, हेल्मेट, मास्क. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तुकडा तोडू नका, झाडूही मारू नका. वीज तोडली असं सांगितलं तरी टेस्टर लावा. लाकडी मजल्यावर खिळ्यांच्या ओळीवरून चाला, तुळई तिथेच खाली असते.

काही वस्तू राखायच्या असतील तर त्याची वेळही हीच. पाडकामाचा ठेका बहुधा निघणाऱ्या मालासकट दिलेला असतो, म्हणजे नंतर नावाची पाटी मागायला गेलात तर ती ठेकेदाराची झालेली असते. करार होण्याआधी यादी लेखी द्या: पाटी, एक ब्रॅकेट, एक पूर्ण खिडकी, मंगलोरी कौलं वीस. सागवानाचा हिशेब घनफुटात: रुंदी इंच गुणिले जाडी इंच गुणिले लांबी फूट, भागिले १४४. सहा बाय नऊ इंची बारा फूट तुळई म्हणजे साडेचार घनफूट, वजन ऐंशी किलोच्या आसपास, दोन माणसांचं काम नव्हे. चुन्यातल्या विटा सुट्या, सबंध निघतात. सिमेंटातल्या फुटतात, त्या मागू नका. राखलेल्या वस्तूवर खडूने लिहिलं तर पहिल्या पावसात पुसतं, तेलरंगाने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक नकाशावर.

शेवटचं माप बहुतेक सगळे विसरतात. जागा सपाट झाली, पत्र्याचं कुंपण लागलं की फाटक नेमकं कुठे होतं हे तिथे तीस वर्षं काम केलेल्या माणसालाही दाखवता येत नाही. इमारतीचे चारही बाहेरचे कोपरे, प्रत्येक कोपऱ्यापासून न पडणाऱ्या तीन खुणांपर्यंतची अंतरं घ्या: शेजारच्या इमारतीच्या दगडी जोत्याचा कोपरा, देवळाची पहिली पायरी, विहिरीचा कठडा. झाड चालत नाही, गटाराचं झाकणही नाही, रस्ता उंच केला की ते हलतं. तीन अंतरांमुळे एक खूण उद्या गेली तरी दोनांवर कोपरा परत सापडतो. ही अंतरं वीस-पंचवीस मीटरची असतात, सकाळी साडेसहाच्या उजेडात पुठ्ठा धरून हा मीटर ती एका दमात देतो.