बत्तीसच्या फोर्डची फायबर रोडस्टर: हिवाळा-उन्हाळा चालवून झाल्यावर

अशी हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीच्या आकारात दमदार इंजिन बसवून जोडलेली गाडी, घ्यावी की नाही या विचारात जे आहेत त्यांना निकाल आधीच सांगतो: घ्या. पण रंग आणि क्रोम बघून घेऊ नका. चासी कुणी जोडली, वायरिंग कसं ओढलंय आणि मालकीच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, एवढं बघा आणि मगच पैशाचं बोला.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला राहतो. गाडी नोव्हेंबरात घेतली. इकडचा हिवाळी पाऊस, लिव्हरमोरकडचं कडक ऊन आणि ऑल्टमाँट खिंडीतला वारा हे सगळं तिच्यातून आता अनुभवून झालंय. आकार १९३२च्या फोर्ड रोडस्टरचा, म्हणजे उघड्या दोन सीटांच्या गाडीचा, बॉडी फायबरग्लासची, चासी नव्याने बनवलेली. इंजिन शेवरोलेचं ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. गिअरबॉक्स टर्बो ३५०, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. मागे फोर्डचा नऊ इंची एक्सल, पुढे खाली वाकवलेला सरळ एक्सल आणि डिस्क ब्रेक. वजन सुमारे अकराशे किलो. मी पहिला मालक नाही. कुणीतरी बांधलेली, वापरलेली गाडी घेतली आणि तेच योग्य होतं असं आजही वाटतं. चार-पाच वर्षं रस्त्यावर फिरलेल्या गाडीत बांधणाऱ्याचं कच्चं काम एव्हाना वर आलेलं असतं. शोरूमसारखी चकचकीत पण जेमतेम शे-दोनशे मैल चाललेली गाडी मला जास्त धोक्याची वाटते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असली-नकलीचा. मला त्यात फारसा दम वाटत नाही आणि त्याला कारण आहे. फोर्डने ३१ मार्च १९३२ रोजी एकाच ओतिवातल्या ब्लॉकचं व्ही-८ इंजिन साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत आणलं. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्यांचे मडगार्ड काढून, वजन उतरवून त्या म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. १९३७ मध्ये या वेगाच्या चाचण्या घेणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली, १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर स्पीड वीक सुरू झाला, १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना आली. या साऱ्या काळात त्या पोरांनी एकही गाडी 'मूळ रूपात' ठेवली नाही. बत्तीसच्या गाडीचे ब्रेक यांत्रिक होते, म्हणून १९३९ पासूनच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक काढून बसवले. इंजिन मर्क्युरीचं, स्टिअरिंग तिसऱ्याच गाडीचं. हॉट रॉड ही पहिल्यापासूनच जोडलेली गाडी आहे. म्हणून जोडकाम किती चांगलं झालंय हाच तिचा खरा कस.

उलट बाजूने माझं मत तितकंच ठाम आहे: फोर्डने त्या वर्षी दाबून काढलेल्या पत्र्याची खरी बॉडी आज कुणाकडे शाबूत असेल, तर तिला करवत लावू नये. त्या मोजक्याच उरल्यात. नव्या बॉड्या मिळतायत त्यामुळे जुन्या वाचतात, हा मला प्रतिकृतीचा मोठाच गुण वाटतो.

पत्र्याची प्रतिकृतीही मिळते. ओहायोतल्या ब्रुकव्हिलमध्ये बत्तीसच्या रोडस्टरची बॉडी नव्याने पत्र्यात बनते. तिचा दरवाजा लागतानाचा आवाज फायबरला येत नाही, पोचा आला तर ठोकून काढता येतो, आणि किंमतही तशीच वरची. फायबर गंजत नाही, हे खाडीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याला कमी नाही. मात्र फायबर-फायबरमध्ये फार फरक असतो. गाडी बघायला जाल तेव्हा गालिचा उचला, डिकी उघडा, आतून हात फिरवा. जाडी सगळीकडे सारखी आहे का? दरवाजाच्या बिजागरीमागे पोलादी चौकट आहे का? दरवाजाच्या कोपऱ्यांतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा निघाल्या असतील तर चौकट कमकुवत आहे किंवा दरवाजा लोंबतोय. वरून कितीही रंग मारला तरी त्या भेगा पुन्हा येतात. आणि सीटबेल्ट कशाला बांधलेत ते वाकून बघाच. ते पोलादाला, म्हणजे चासीला किंवा चौकटीला बोल्ट केलेले हवेत. फायबरच्या फरशीला वॉशर लावून बसवलेले बेल्ट मी बघितलेत. अशा गाडीत मी माझ्या माणसांना बसवणार नाही.

आता चालवण्याबद्दल. नाइल्स कॅन्यनचा वळणांचा रस्ता, ताशी चाळीस-पंचेचाळीस मैल, संध्याकाळची वेळ: या गाडीचं घर तेच. जवळपास तीनशे अश्वशक्ती आणि एवढंसं वजन, त्यामुळे पाय नुसता टेकवला की गाडी पुढे झेपावते. पण तिचा खरा आनंद वेगात नाही. समोर लांबलचक बॉनेट, बाजूला काच नाही, पुढची चाकं कुठे आहेत ते डोळ्यांना दिसतं आणि रस्त्याचा कण न् कण हाताला कळतो. आजच्या कुठल्याही गाडीत मला हे मिळालेलं नाही. स्टिअरिंग बॉक्स शेवरोले व्हेगाचा आहे, हॉट रॉडवाल्यांचा जुना आवडता. पॉवर नाही. पार्किंगमध्ये खांदे भरून येतात, गाडी हलली की हलका.

हायवेवर चित्र बदलतं. ३.७३ गुणोत्तराचा एक्सल, अठ्ठावीस इंची मागचे टायर आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर, नाही, म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन २,९०० च्या आसपास फिरतं. वारा आणि एक्झॉस्ट मिळून बोलणं अशक्य होतं. माझी बायको हौसेने येते, पण तासाभरानंतर दोघांनाही थांबावंसं वाटतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असलेला ७००आर४ गिअरबॉक्स असता तर त्याच वेगाला दोन हजार आरपीएम पुरले असते. तुम्हाला लांब जायचं असेल तर ओव्हरड्राइव्ह असलेलीच गाडी शोधा. नंतर बदलायचा म्हटलं तर गिअरबॉक्सचा आधार, प्रोपेलर शाफ्ट सगळंच हलतं. पुढचा एक्सल सरळ असल्यामुळे काँक्रीटचे सांधे दाणदाण लागतात. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली बघावी. दिसायला ती तितकी छान नसते, पण बसायला नक्कीच बरी. पेट्रोलला गॅलनमागे सोळा मैल मिळतात, म्हणजे लिटरला सात किलोमीटरच्या आतच.

पायांच्या जागेचं आधी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. शेवरोलेच्या या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क वाटून देणारा भाग, मागच्या बाजूला असतो. त्याला जागा करायला फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधली भिंत, आत ढकलावी लागते आणि तेवढी जागा तुमच्या पायांची जाते. रुंद तळव्याचा बूट घातला तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दबतो. मी अरुंद तळव्याचे बूट गाडीतच ठेवतो. फोर्डच्या ३०२ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, त्यामुळे ते या बॉनेटखाली सुखाने मावतं. गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर ब्रेकचं पेडल पहिल्या दाबात खाली गेलं तर तेही तपासा. ब्रेकला तेल पाठवणारा मास्टर सिलिंडर फरशीखाली, चाकाजवळच्या कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. तेल मागे वाहून येऊ नये म्हणून लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कसाठी दोन पीएसआयचा आणि ड्रमसाठी दहाचा. तो नसलेल्या गाड्या विकायला येतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वायरिंगने. जानेवारीच्या पावसात हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढायचा आणि ब्रेक दाबला की डावा मागचा दिवा मंद व्हायचा. इंजिन मात्र हाताला थंडच. आमच्याकडच्या जुन्या मेकॅनिकने बॉनेटही उघडलं नाही, "अर्थिंग," म्हणाले. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच परतीची तार असते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला चासीपर्यंत वेगळी तार न्यावी लागते. ज्याने माझी गाडी बांधली त्याने डॅशबोर्डमागे सगळ्या तारा एका बोल्टला गुंडाळून तिथून एकच बारीक तार खाली सोडली होती. सगळ्या वाड्याचं सांडपाणी एका अरुंद मोरीतून काढावं तसं ते होतं. तांब्याची पट्टी बसवली, तिच्यापासून चासी, इंजिन आणि बॅटरीला जाड केबल ओढल्या. तेव्हापासून काटे स्थिर आहेत.

उन्हाळ्यात गाडी खरोखर तापते, हेही खरं. बत्तीसची जाळी अरुंद, तिच्यामागे मोठं इंजिन, आणि बॉनेटच्या बाजूच्या पट्ट्या लावल्या की गरम हवेला वाटच नाही. जुलैत मी पट्ट्या काढून टाकल्या, विजेच्या पंख्याला नीट श्राउड, म्हणजे भोवतालचं आवरण, बसवून घेतला आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आतून उष्णतारोधक थर चिकटवला. सिग्नलला आता काटा टिकतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो.

मडगार्ड काढलेली बत्तीस देखणी दिसते यात वाद नाही. या एकाच वर्षीच्या चासीच्या बाजूला दाबून काढलेली रेघ आहे, त्यामुळे चासी उघडी पडली तरी ती बॉडीचाच भाग वाटते. तरीही मी मडगार्डवाली घेतली. पावसात पुढची चाकं पाणी आणि खडी थेट तोंडावर फेकतात, आणि कॅलिफोर्नियात या वजनाच्या गाडीला चाकांवर आच्छादन कायद्याने लागतंच.

कागद. यावर कृपया घाई करू नका. फायबर बॉडी आणि नवी चासी असूनही नोंदणीत '१९३२ फोर्ड' असं लिहिलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात. ती नोंद खोटी आहे, आणि ती उघडकीला आली तर निस्तरायचं तुम्हालाच. कॅलिफोर्नियात खास बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंद आहे. दरवर्षी अशी फक्त ५०० प्रमाणपत्रं मिळतात, आणि ते प्रमाणपत्र असेल तर धुराच्या तपासणीसाठी गाडीचं वर्ष तिच्या आकारावरून धरता येतं. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना इथे तपासणी नाही. माझ्या गाडीच्या कागदात हे सगळं स्वच्छ होतं आणि त्यासाठी मी थोडे जास्त पैसे आनंदाने दिले. कारखान्यातून पूर्ण बांधलेली नवी हवी असेल तर २०१५च्या केंद्रीय कायद्याने छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकता येतात, फक्त इंजिन आजच्या प्रदूषण नियमांत बसणारं लागतं. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. त्यात रोज ऑफिसला न्यायची नाही, बंद गॅरेज हवं, घरात दुसरी गाडी हवी अशा अटी येतात. एकुलती एक गाडी म्हणून हिचा विचारच नको.

पुण्याहून चुलतभाऊ विचारतो, "दादा, इकडे पाठवता येईल का?" नाही येणार. भारतातली व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. ही जुनीही नाही आणि मूळही नाही.

बघायला जाल तेव्हा टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष त्यात असतं. नक्षी शाबूत पण रबर दहा वर्षांचं, हे या गाड्यांत नेहमीचं. मग विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन स्वतः सुरू करा, अर्धा तास चालवा, परत आल्यावर हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून दहा मिनिटं जागीच उभी ठेवा आणि काट्यांवरची नजर काढू नका. एवढं करू द्यायला तो तयार नसेल तर तिथून निघा. प्लेझंटनच्या हॉट रॉड मेळ्यात विकायला लावलेल्या दुसऱ्या गाड्या बघायला मिळतील.