किटुईतील शाळेची पर्जन्यजल योजना : टाक्या उत्तम, पन्हळ कच्ची

केनियात नैरोबीच्या पूर्वेला असलेल्या किटुई काउंटीतील (जिल्ह्यातील) एका प्राथमिक शाळेला नोव्हेंबरमध्ये भेट देण्याचा योग आला. या निमकोरड्या भागात मार्च ते मेच्या पावसापेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस अधिक भरवशाचा मानला जातो. बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी खारट निघत असल्याने छपरावरचे पाणी साठवणे येथे गरजेचेच ठरते.

वर्गांच्या ओळीवर सुमारे २०० चौरस मीटर पत्रा (तिथल्या बोलीत ‘माबाती’), कडेने पन्हळ आणि दोन्ही टोकांना १०,००० लिटरची एकेक काळी टाकी, एवढीच ही योजना. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, या हिशेबाने २० मिलिमीटर पावसात पत्र्यावर ४,००० लिटर पाणी पडते. सांडलवंड वजा जाता टाकीत त्याहून कमीच उतरते. मला सर्वाधिक आवडली ती पहिले पाणी बाजूला काढण्याची सोय. टाकीआधीच्या उभ्या पाइपात धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारे पाणी आधी साचते आणि तो भरला की आतला चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो, मगच पाणी टाकीकडे वळते. पाऊस थांबल्यावर शिक्षकांनी खालचे बूच काढले, तेव्हा कोऱ्या चहासारखे पाणी आणि त्यामागून एक भिजलेले पीस बाहेर आले.

पन्हळीबाबत मात्र हात आखडता घेतलेला दिसतो. आधाराच्या पट्ट्या दूरदूर ठोकल्याने ती मधोमध झोळीसारखी लोंबते, पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात आणि त्याच पावसात एक टाकी भरत असताना दुसरी अर्धीच राहते. (हा प्रकार आपल्याकडच्या सोसायट्यांतही पाहिला आहे.) पिण्यासाठी आणि मका-चवळी एकत्र शिजवून केलेल्या गिथेरीसाठी रोज ५०० लिटर पाणी धरले, तरी भरलेल्या दोन्ही टाक्या ४० दिवसच पुरतील, जून ते सप्टेंबरचा कोरडा काळ त्याच्या तिप्पट आहे. तिसरी टाकी हवीच, पण त्याआधी पन्हळ सरळ करून घ्यावी.

भेट पावसाच्या दिवसांतच द्यावी. मात्र सर कोसळू लागली की पत्र्याखाली शिक्षकांचा शब्दही ऐकू येत नाही आणि मुले निमूटपणे फळ्यावरचे उतरवून घेत बसतात.