नागपूरची संत्राबाग: थंडीची लाट की गारपीट?

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या बागा अशी थंडी सोसतात: रात्री ओलित (झाडांना पाणी), पहाटे धुऱ्यावर (बांधावर) ओल्या काडीकचऱ्याचा धूर, आणि झाड तगतं.

गारपिटीपुढे हे काहीच चालत नाही. बंगालच्या उपसागरावरचं बाष्प उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांना भिडलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात. २०१४ मध्ये पडल्या तशा. नेमका तेव्हाच मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली फळं) तोडणीला आणि आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) फुलोऱ्यावर, म्हणजे मार दुहेरी. जखमांतून बुरशी शिरते. मोडक्या फांद्या छाटून खोडा-फांद्यांवर लगेच १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) मारा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, धातूच्या नाही. शिळं बोर्डो फुकट जातं, त्याच दिवशी संपवा.