दम्याचा पंप (इनहेलर) वापरून आठ महिने झाले, माझा आणि दादाचा अनुभव

माझा दमा लहानपणापासूनचा, सिगारेट कधी ओढली नाही. दादा (चुलतभाऊ) रोज पाकीटभर ओढणारा, त्याला पस्तिशीनंतर घरघर सुरू झाली. दोघं एकाच डॉक्टरांकडे, पंपही सेम, म्हणून हे लिहितोय.

आधी मी फक्त निळा पंप वापरायचो, साल्ब्युटामॉलवाला. दोन पफ मारले की पाच मिनिटांत छाती मोकळी, मग हात थरथरणार, धडधडणार, आणि चार-सहा तासांनी परत तेच. मला वाटायचं औषध भारी आहे, डॉक्टर म्हणाले अरे ते नळ्या नुसत्या सैल करतं, आतली सूज तशीच राहते. आता फॉर्मोटेरॉल (नळ्या सैल करणारं) आणि ब्युडेसोनाइड (सूज उतरवणारं स्टिरॉइड) एकत्र असलेला पंप, सकाळ-संध्याकाळ. पहिले दहा-बारा दिवस काही फरक नाही, मी वैतागून सोडणार होतो, पण तिसऱ्या आठवड्यात रात्री उठून बसणं थांबलं. नंतर चूळ न भरल्याने जिभेवर पांढरे चट्टे आले तो गाढवपणा माझाच.

स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) घ्याच. त्याआधी पफ मारला की तोंडातून पांढरी वाफ बाहेर, म्हणजे औषध हवेत! आणि धुतल्यावर फडक्याने पुसू नका, आई चकचकीत पुसून ठेवायची, प्लास्टिकला स्टॅटिक चढतं आणि औषध आत भिंतीलाच चिकटतं, तसाच वाळू द्या.

दादाचं वेगळं. फुंकायच्या टेस्टमध्ये औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात, पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा किमान 12 टक्के आणि 200 मिली वाढली तर औषधाने नळ्या खुलतात असं धरतात. माझी 400 मिली वाढली, त्याची 150 वर अडली. त्यात धुरामुळे स्टिरॉइडचा असर दम्यात कमी होतो म्हणे, त्यामुळे मला जेवढ्या डोसात झोप लागते तेवढ्यात तो रात्री दोनला खिडकीत उभा. पंपात दम नाही म्हणून तीनदा ब्रँड बदलून झाले त्याचे. पंपाची सवय लागते असंही वर मलाच ऐकवतो, तेही टपरीवर उभा राहून.

सध्या पाच सिगारेटवर आलाय म्हणतो. वहिनी म्हणते सात.