सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या: वायर सॉ घ्यावा की लेझर?

सिलिकॉन कापायचं असेल तर फार डोकं लावू नका, डायमंड वायर सॉ (हिऱ्याचे कण लावलेल्या तारेच्या अनेक वेढ्यांनी सगळ्या चकत्या एकदम कापणारी करवत) घ्या. प्रश्न पडतो तो सिलिकॉन कार्बाइडला, म्हणजे चिप्ससाठी लागणाऱ्या अतिकठीण स्फटिकाला. भट्टीत आठवडाभर वाढवलेल्या इंगटाचा (स्फटिकाच्या ठोकळ्याचा) बराच भाग सॉ भुसा करून टाकतो. ३५० मायक्रॉनच्या चकतीमागे २०० मायक्रॉन कर्फ (कापताना भुसा होणारी जाडी) धरला, तर २० मिमी इंगटातून ३६ चकत्या. लेझर इंगटाच्या आत फोकस होऊन तडांचा थर पाडतो आणि त्या थरावर चकती सुटते; त्यात ग्राइंडिंगला (घासण्यात) १०० मायक्रॉन गेले तरी ४४.

पण माझा कल या हिशेबाने ठरला नाही, तार तुटण्याने ठरला. १५० मिमीचा इंगट कापायला सॉ दिवसच्या दिवस चालतो, आणि तेवढा वेळ सगळ्याच चकत्या अर्धवट कापलेल्या असतात. मध्येच तार तुटली की नवी तार प्रत्येक खाचेत पुन्हा बसवायची. जुनी तार झिजून बारीक झालेली, त्यामुळे तिने केलेली खाच नवीला अरुंद पडते. बसली तरी जोडावर पायरी उमटते, आणि ती घालवायला जास्त घासावं लागतं. लेझरमध्ये एका वेळी एकच चकती सुटते. बिघडली तर तेवढीच जाते.

लेझरचे नखरे नाहीत असं नाही. दर चकतीनंतर इंगटाचा माथा ग्राइंड करून गुळगुळीत करावाच लागतो, नाहीतर खरखरीत पृष्ठावर किरण विखुरतो. अपवर्तनांक २.६च्या आसपास असल्याने लेन्स १० मायक्रॉन खाली आली की फोकस आत २६ मायक्रॉन उतरतो. स्फटिकाचे थर पृष्ठाला ४ अंश कललेले असतात; स्कॅनच्या रेघा (किरण फिरतो त्या ओळी) त्या कलाच्या दिशेला काटकोनात हव्यात. तड सी-प्रतलातूनच (त्या कललेल्या थरांतूनच) पसरते, म्हणून ४०० मायक्रॉन पिचला (दोन रेघांमधल्या अंतराला) सुमारे २८ मायक्रॉनची पायरी पडणारच. पिच वाढवून वेळ वाचवाल, तो ग्राइंडरवर घालवाल.

खरी डोकेदुखी फॅसेटची, म्हणजे स्फटिक वाढताना त्यात तयार होणाऱ्या सपाट भागाची. तिथे नायट्रोजन जास्त, रंग गडद, प्रकाश जास्त शोषला जातो. बाकी चकती अल्ट्रासॉनिकला (ध्वनीच्या कंपनांनी) सुटते आणि नेमका तेवढा डाग चिकटून राहतो. तेवढ्या भागात पॉवर आणि फोकस वेगळे द्यावे लागतात.

सॉ आधीच बसलेला असेल आणि तार क्वचितच तुटत असेल, तर बहुधा घाई नको. नव्याने घेत असाल तर मी लेझरकडे झुकेन. मात्र डेमोला विक्रेत्याचा स्वच्छ नमुना चालवून घेऊ नका. आपला, गडद डागाचा इंगट न्या आणि सलग दहा चकत्या सोलून मागा.