केबीपीसी ३५१० ब्रिज: चार्जरमध्ये आठ महिने वापरल्यावर

ब्रिज म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग; आत चार डायोड, प्रत्येक डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. माझा चार्जर: १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, १० अँपिअर चार्जिंग. आठव्या महिन्यात करंट ५ अँपिअरवर आला आणि ट्रान्सफॉर्मर जास्त घुमू लागला. ब्रिज मात्र आधीपेक्षा गार! ह्या गारपणानेच सगळ्यात जास्त फसवलं.

एका वेळी दोनच डायोड चालतात: एक एसीकडून प्लसला नेतो, दुसरा मायनसकडून परत आणतो. पुढच्या अर्धचक्रात उरलेली जोडी. तीही पूर्ण वेळ नाही. १५ व्होल्ट एसीचं शिखर २१ व्होल्टचं, पण बॅटरीचे १२.६ आणि दोन डायोडचे जवळपास २ व्होल्ट ओलांडल्यावरच करंट सुरू होतो, म्हणजे अर्धचक्राच्या १० मिलिसेकंदांतले फक्त ५. एक डायोड ओपन झाला (आतून तुटला) की एक जोडीच बाद. करंट अर्धा, उष्णता अर्धी, आणि करंट एकाच दिशेने वाहिल्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा कोर घुमतो.

मल्टिमीटरच्या डायोड मोडवर नुसतं मायनस-प्लस तपासू नका. लाल प्रोब मायनसला, काळा प्लसला लावला की जवळपास १ व्होल्ट दिसतो, कारण मीटरच्या बारीक करंटला चांगली जोडी तेवढंच दाखवते. बॅटरी आणि एसी वायरी काढून चारही डायोड वेगळे मोजा: दोन्ही एसी ते प्लस, मायनस ते दोन्ही एसी. प्रत्येकी ०.५ व्होल्टच्या आसपास हवं. इथे एक दोन्ही बाजूंनी ओपन निघाला.

३५१० मधला '३५ अँपिअर' हा खोटा आकडा आहे, असंच आधी वाटलं. ब्रिज सोडवून काढल्यावर मत बदललं. तो पावडर कोटिंगच्या पत्र्यावर थेट आवळलेला होता, खाली कंपाउंडचा (उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा) थेंबही नाही. ३५ चा आकडा केसचं तापमान ५५ अंश राखलं तरच खरा. १० अँपिअरला दोन डायोड मिळून २० वॅट तापतात, आणि रंगाचा थर ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

आता रंग खरवडून, पातळ कंपाउंड लावून, स्प्रिंग वॉशरसह अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या तुकड्यावर) बसवलाय. केस आतून इन्सुलेटेड असल्याने मध्ये मायकाचा इन्सुलेटिंग पत्रा लागत नाही. चार्जिंग चालू असताना बोट टेकवून पाच मोजता येतात. ब्रिज दोनदा विकत घेण्यापेक्षा कंपाउंडची ट्यूब स्वस्त.

बसवताना प्लसची पट्टी नीट ओळखा: बाकी तिघींच्या आडवी असते, तो कोपराही कापलेला असतो. प्लस-मायनस उलटले तर बॅटरी दोन-दोन डायोडमधून शॉर्ट होते. बॅटरीच्या वायरीत फ्यूज नसेल तर वायर वितळते.